भान्या, आज चाललास का?

किस्से काय कुनी ठरवून गोळा करत न्हाई. गवतातनं चाललं की धोतराला कुसळं लागत्यात, तसं त्ये लागत्यात. आमी तिघं म्हातारे रोज चालतोय. पोटं हायेत तिथंच हायेत, किस्से मातूर लई झाले!

सुरवात भान्यामुळं झाली. भानुदास माझा लंगोटीयार. छातीत कळ आली, नगरला नेऊन काळजाच्या नळीत जाळी बसवली. डाक्टर म्हनला, रोज चालायचं. तवा पुन्यात नोकरी करनाऱ्या त्याच्या पोरीनं, सुनीनं, कायदाच काढला. "अप्पा, चाललात तर गावात राहा. न्हाई तर चला माझ्याकडं, आठव्या मजल्यावर!"

भान्याचं तोंड उतरलं. "किसन्या, आरं तिथं सोताच्या पोरीच्या दारात बसलो तरी वाचमन इचारतो, कुनाकडं आलाय?"

आन मला येगळाच घोर. ह्यो गेला तर मी खोड्या कुनाच्या काढू?

*

सुनीनं बापाच्या मनगटाला चाललेलं मोजनारं घड्याळ बांधलं. मोबाईलवर ग्रुप केला. त्यात ती, भान्या, मी आन आमचे सॅम्युअल मास्तर. मास्तरांना रिटायर हुन जमाना झाला, पर हजेरी घ्यायची खोड गेली न्हाई.

एक दिवस भान्या आलाच न्हाई. मास्तरांनी ग्रुपवर टाकलं, "भानुदास गैरहजर. उद्या पालकांना घेऊन येणे."

लगीच सुनीचं उत्तर, "सर, पालक मीच आहे. बोला!"

*

मला लिव्हाय-वाचाय बेताचंच येतं, म्हनून मी ग्रुपवर बोलूनच धाडतो. एकदा लई कंटाळा आला. बाजेवर पडूनच मोबाईल तोंडाशी धरला आन धापा टाकल्या. "हाऽ... हाऽ... सुने, आत्ताच... कॅनॉलपतुर... जाऊन आलो गं... हाऽ..."

धाडून दिलं. घटकाभरानं सुनीचा फोन. "किसनकाका, काकूंना सांगा, चहाला साखर नको."

मी म्हनलं, ही मधीच काय बोलती? मग आपलंच रेकार्ड लावून ऐकलं. माझ्या धापांमागं आमच्या हिचा खनखनीत आवाज, "उठून च्या घेताय, का पडल्या पडल्या तोंडात वतू?"

*

भान्या माझ्यापरीस बेरकी. त्याला कळलं, हात हालला तरी घड्याळ मोजतंय. मग काय! बायको हिरावैनी भाकरी थापाय बसली की घड्याळ तिच्या हाताला, आन ह्यो लिंबाखाली आडवा.

पुन्यातनं पोरगी खूश. "शाबास अप्पा! आज तर लई चाललात!"

दोन-चार दिस गुमान खपलं. मग वैनीनंच फोन हिसकावला. "सुने, तुजा बाप न्हाई चालला. माजं मनगाट चाललं! आजपासनं जो चालंल त्यालाच भाकरी!"

त्या दिवशी हसलो न्हाई बघा. सुनी फोनवर रडली. "अप्पा, मला फसवून काय मिळालं? तुमच्या जिवासाठीच चाललंय ना सगळं? हुरडा संपला की येते. खंडोबाची टेकडी माझ्यासंगं चढायची. जमलं न्हाई तर सामान बांधायचं."

*

आता भान्याला खरंच चालवायचं हुतं. त्याला हुरड्याचा लई नाद, आन हुरडा खायाला त्याला कवळी लागती. मी सकाळीच त्याची कवळी उचलली, धुतली, कापडात बांधली आन टेकडीच्या अर्ध्यावर मास्तरांना घेऊन बसलो. फोन केला, "भान्या, हुरडा भाजलाय. दात बी हिथंच हायेत. सावकाश ये."

आला की! बोळक्या तोंडानं मला शिव्या घालत, थांबत, दम घेत, पर आला.

मास्तर म्हनले, "आशय पोचला. उच्चार सुधारायला हवेत."

तवापासनं रोज थोडं थोडं वर. आपल्या पायानं.

*

मग सुनी आली. सकाळच्या पारी टेकडीला लागलो. म्होरं बाप-लेक, मागं मी आन मास्तर. मी मनात खंडोबाचा धावा करत हुतो. भान्या बेतानं पाय टाकीत चालला हुता, जसं काय बैलाला पान्यावर नेतोय.

अर्ध्यावर आलो. सुनी बोलायची थांबली. आनखी जरा वर गेलो, तर तिनं कंबरंवर हात ठिवला. आन मग एका धोंड्यावर फतकल मारून बसलीच! तोंड लालबुंद, बोलता येईना.

भान्या वर पायरीवर हुभा. घाम बी नीट आला न्हवता गड्याला. मी देवाला तिथनंच हात जोडले. छातीवरचा धोंडाच उतरला म्हना!

भान्या खाली उतरून आला. पोरीला पानी पाजलं, पदरानं पुसावं तसं उपरन्यानं तिचं तोंड पुसलं. मग खिशातनं मोबाईल काढून घरी हिरावैनीला फोन लावला.

"आगं, सुनीचं हातरून टाक. अशी पोर एकटी पुन्याला कशी धाडायची?"