उपाशी सोमवार, जेवता बुधवार

पंचांगवाल्यांनी आपल्याला न विचारता वार ठरवले, एवढाच काय तो आमच्या वारकाकूंचा पंचांगावर राग होता. बाकी नाशकात सोमवार उजाडला की नाही, हे त्यांच्या कपाळावरच्या आठीवरून कळे. त्या दिवशी त्यांचा कडक उपास. अंगणातला कावळा त्यांची नजर पडताच चोचीतला घास टाकून उडे, आणि शेजारचे दोघे भाऊ आपलं भांडण मंगळवारवर ढकलत. नेमका तोच वार काकूंनी माझ्या व्याकरणाला दिला होता.

चौथीनंतर अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझं नाव शाळेतून काढलं. म्हणाले, "मुलीच्या जातीला पुरे झालं."

काकू त्यांच्या थोरल्या वहिनी. सुपातल्या तांदळावरची नजर न हलवता त्यांनी विचारलं, "पुरे कोणाला झालं, भाऊजी? तिला की तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं अख्खा आठवडा लिहिला गेला आणि माझी शाळा चुलीपुढं भरू लागली.

"व्याकरण उपाशी पोटी, निबंध भरल्या पोटी," हा काकूंचा सिद्धांत. "उपाशी माणसाला दुसऱ्याची चूक लांबून दिसते, कमळे. जेवलेल्याला सगळं जग बरं दिसतं." म्हणून सोमवारी धडा संपेपर्यंत मलाही पाण्यावर ठेवत. बुधवारी मात्र गोदाकाठचा बाजार हिंडायचा, घरी येऊन भाकरी-भरीत चेपायचं आणि मग पाहिलेलं लिहायचं. "नुसतं 'बाजार छान होता' लिहिलंस, तर पुढच्या बुधवारी भोपळा तू आणायचा!" मी इतके भोपळे वाहिले की माझा उजवा खांदा आजही दोन बोटं खाली आहे.

शुक्रवार पत्रांचा. काका इगतपुरीला रेल्वेत होते. त्यांची पत्रं तिकडच्या पावसानं भिजून येत आणि काकूंच्या लाल पेन्सिलीनं भिजून परत जात. एकदा बिचाऱ्यांनी "प्रकृती ठीक" एवढंच लिहिलं. काकूंनी खाली शेरा मारला : "उत्तर अपुरे. खोकला किती, औषध कोणते, सविस्तर लिहा." पुढचं पत्र सात पानी आलं. त्यातली साडेसहा पानं खोकला होता.

अशी तीन वर्षं गेली आणि घोटीच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडून मला मागणी आली. मुलगा मी पाहिला होता. तो तोंड उघडी आणि उत्तर त्याचे वडील देत. काकूंनी अप्पांशी चार दिवस अबोला धरला, तेव्हा तोडगा निघाला. मी मराठी सातवीच्या फायनलला बसायचं. पास झाले तर पुण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला, नापास झाले तर घोटीला.

परीक्षेला सहा दिवस उरले असताना, एका गुरुवारी, जेवणं झाल्यावर अप्पांनी मला व्याकरणातला एक साधा प्रश्न विचारला. मी तोंड उघडलं. ढेकर आला. उत्तर आलंच नाही.

"अप्पा, आज गुरुवार आहे," मी रडत म्हणाले. "ते मला सोमवारी येतं!"

"परीक्षा बुधवारी आहे," अप्पा म्हणाले. "सकाळी व्याकरण, दुपारी निबंध. घोटीला होकार कळवून टाकू का, वहिनी?"

काकूंचा चेहरा पडलेला मी तेव्हाच प्रथम पाहिला. "बैलाला एकाच वाटेनं चालवलं मी," त्या पुटपुटल्या. मग पदर खोचला. "सहा दिवसांत डोकं बदलत नाही. वारच बदलू."

परीक्षेच्या सकाळी आईनं माझ्या हातावर दही घातलं. काकूंनी माझं मनगट पकडलं.

"थांब! आज सकाळी सोमवार आहे."

"अहो, शुभ असतं ते!" आई कळवळली.

"मग भाऊजींना द्या. परीक्षा त्यांचीही आहे."

दही अप्पांना गेलं. काकूंनीही पाण्याचा थेंब घेतला नाही. म्हणाल्या, "एकटीचा सोमवार लागू पडत नाही." कपाळावर ती आठी घालून त्या मला दारापर्यंत पोचवायला आल्या. आठी पाहिली मात्र, माझ्या पोटात कावळे आणि डोक्यात व्याकरण एकदमच कोकलू लागलं. पेपर मी असा फाडला की देखरेखीचे मास्तर खुर्ची मागं सरकवून बसले!

दुपारी काकू डबा घेऊन फाटकाशी उभ्या. "जेव. आता बुधवार." भाकरी-भरीत पोटात गेल्यावर त्यांनी मला ओढतच बाजारातून एक चक्कर मारून आणलं. विषय आला 'आज्ञापालन'. मी लासलगावचा एक कांदेवाला आणि त्याचं अजिबात न ऐकणारा बैल लिहिला. शेवटी बैलानं ऐकलं.

मी पास झाले. अप्पांनी पेढे वाटले आणि पहिला काकूंपुढं धरला. तो सोमवार होता. काकूंनी तो कनवटीला लावला.

पुढं मी पुण्याला शिकले, तिथंच शिक्षिका झाले. घरी धाडलेली माझी पत्रं लाल होऊन परत येत राहिली. एका शनिवारी काकूंचं कार्ड आलं, अक्षर जरा हललेलं : "थोडी आजारी आहे. सोमवारी येऊ नकोस, तोडून बोलेन. बुधवारी जेवायलाच ये."

मी बुधवारी गेले. काकू मंगळवारीच गेल्या होत्या.

वार बदलता येतो, हे ज्या बाईनं मला उपाशी राहून शिकवलं, तिच्याकडे जाताना मी पंचांग बघत बसले. चुलीपुढं माझं पान मात्र वाढलेलं होतं. "काकू सांगून गेल्या होत्या," आई म्हणाली. मी जेवले. भरल्या पोटी जग बरं दिसतं म्हणतात. त्या एका बुधवारी नाही दिसलं.