तळहाताएवढा किडा

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. आमची कंपनी आसामच्या डोंगरात होती आणि मी तिथे हायजीनचा हवालदार होतो. बाकीचे रायफली साफ करत, मी संडासाच्या चरात चुना टाकायचो. पोरं पाठीमागे मला ढेकूणमास्तर म्हणत. राग यायचा, पण नाव काही खोटं नव्हतं.

माझ्याकडे पुठ्ठ्यावर चिकटवलेले बारा फोटो होते. ऊ, ढेकूण, पिसू, गोचीड, झुरळ असे. प्रत्येक किडा तळहाताएवढा मोठा करून छापलेला. पीटी संपली की सात वाजता मी ते रांगेत फिरवायचो आणि नावं पाठ करून घ्यायचो.

मी इंदापूर तालुक्यातल्या कळसचा. शिपाई सोपान बारामतीजवळच्या पणदऱ्याचा. दोघांच्याही घरी म्हशी, म्हणून आमचं चांगलं जमायचं. एका सकाळी त्याच्या हातात माइटचा फोटो आला. हा गवतातला किडा. तो चावला की टायफसचा ताप येतो आणि चावलेल्या जागी काळी खपली धरते.

“हवालदारसायेब, ही तर गोचीड हाय. आमच्या म्हशीच्या कानात रग्गड असत्यात.”

“तिची धाकटी बहीण समज,” मी म्हणालो.

पोरं हसली, मीही हसलो. किडा खरा केवढा असतो, ते सांगायचं राहून गेलं.

महिन्याभराने सोपान नऊ मैलांवरच्या वरच्या पोस्टवर गेला. पंधरा दिवसांनी त्याला ताप आल्याचा मेसेज आला. सकाळी साडेनऊला मेडिकल ऑफिसर वायरलेस सेटवर बसले. मी शेजारी उभा होतो.

“अंगावर काळी खपली आहे का? ओव्हर.”

“न्हाय सायेब. कमरंला गोचीड चावलीया तेवढीच, आसं पेशंट म्हनतोय. तंबाखू लावून पट्टी बांधलीया. ओव्हर.”

साहेब शहरातले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “गोचीड म्हणजे?”

“जनावरावरची, सर. आमच्याकडे रोजच चावते. काही होत नाही.”

“मलेरियाच्या गोळ्या चालू ठेवा. आउट.”

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो आणि घास हातातच राहिला. त्या डोंगरावर ना म्हैस होती, ना शेळी. मग गोचीड येणार कुठून? मी उष्ट्या हाताने साहेबांकडे धावलो. त्यांनी एक शिवी हासडली आणि औषधांची पेटी उघडली. १३१० वाजता मी दोन जवानांबरोबर औषध घेऊन निघालो. १७४० ला पोस्टवर पोचलो. सोपान १६२५ ला गेला होता.

पट्टी मीच सोडली. खाली काळी खपली होती, विडीचा चटका बसावा तशी.

रजेवर आलो तो घरी न जाता आधी पणदऱ्याला गेलो. सोपानचे वडील गोठ्यात म्हशीच्या गोचिडी काढत बसले होते. गावात सगळे त्यांना आबा म्हणत.

“गोळी लागली व्हय?” त्यांनी विचारलं.

“न्हाय, आबा. किडा चावला. म्या त्याला नीट शिकवलं न्हाय. चूक माजी हाय.”

मी खिशातला फोटो काढून त्यांच्या हातात दिला. आबांनी तो उजेडाकडे धरला.

“येवडा मोठा किडा,” ते म्हणाले, “आन माज्या सोपानाला दिसला न्हाय?”

“आबा, त्यो खसखशीपरीस बारीक असतोय.”

फोटो धोतराला पुसून त्यांनी मला परत दिला. जे त्या सकाळी पोराला सांगायचं होतं, ते मी बापाला सांगत होतो. लाज वाटली, आजही वाटते.

कंपनीत परतल्यावर मी बाराही पुठ्ठे घेऊन बसलो. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तो किडा असतो तेवढाच शाईने काढला. माइटचा ठिपका काही केल्या कुणाला दिसेना. म्हणून त्याच्याकडे बाण दाखवून शेजारी लिहिलं: शिपाई सोपान, पणदरे.