शोभामावशींचे नऊ सेकंद

मंडळी, माझ्या पॉडकास्टचा पहिला भाग एडिट करून आज सकाळी मी मोठ्या ऐटीत इथे सुरतेतल्याच कोसाडला गेले, शोभामावशींना ऐकवायला. मुलाखत त्यांचीच होती.

मावशी आमच्या धुळ्याकडच्या. कतारगामच्या कारखान्यात कापडाचे तागे तपासतात. सुटलेला धागा त्यांना बोटांनीच कळतो. बोलताना त्या जिथे जिथे थांबल्या होत्या, तिथली सगळी शांतता मी ॲपमधलं एक बटण दाबून काढून टाकली होती.

डोळे मिटून ऐकता ऐकता त्यांनी माझा हात धरला. "इथलं काय कापलंस?"

मोबाईलवर त्यांचाच आवाज होता, "सहा महिन्यांची पोर आईजवळ ठेवून सुरतला आले. दुसऱ्या दिवशी कामाला लागले."

"मधी मी किती वेळ गप्प होते," मावशी म्हणाल्या. "ते काढलं तर लोक म्हणतील, हिला काहीच वाटलं नाही."

तिथेच बसून मी ती शांतता परत घातली. नऊ सेकंद. इतकी वर्षं लूमच्या खडखडाटात काढूनही काय कान आहेत या बाईचे.

भाग टाकलाय. मधेच आवाज थांबला तर पुढे ढकलू नका. मावशी तेव्हाही बोलतच आहेत.