कागदावरचा थेंब

आमच्या शेजाऱ्याचं डोकं कसं चालतं, ते मला अजून उमगलेलं नाही. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत ऑपरेटर असलेल्या या माणसानं दौंडमध्ये, समुद्रापासून इतक्या लांब, घरात खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचं काढलं. त्यांचं पाणी गाळायला काचेच्या टाकीखाली आणखी एक टाकी लागते. ती त्यानं स्वतःच अ‍ॅक्रिलिकचे तुकडे चिकटवून बनवली. मग तिच्यात खारं पाणी भरलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि ड्यूटीला जाताना मला खुर्ची दिली.

"बसा. कागदावर थेंब दिसला की पेनानं गोल करा."

तो परतायच्या जरा आधी माझ्याच तांब्यातलं पाणी त्या कागदावर सांडलं. लाजेनं मी तांब्या खुर्चीमागं सरकवला. त्यानं आल्या आल्या ओला डाग पाहिला, बोट लावून चाखला, टाकी रिकामी केली आणि करवतीनं सगळे जोड कापायला घेतले.

"अहो थांबा! ते पाणी माझ्या तांब्यातलं हाय."

"ठाव हाय. गोडं लागलं की."

"मग कापताय कशाला?"

"शंका आली म्हंजी लाईन बंद. मग लिकेज असू दे, नसू दे. आमच्या कंपनीत असंच असतंय."

पंधरा दिवसांनी नवी टाकी तयार झाली आणि त्यानं पुन्हा मलाच हाक मारली. खुर्ची तीच, वर्तमानपत्र ताजं. खुर्चीशेजारी त्यानं स्वतः भरून ठेवलेला तांब्या होता. हा पाहुणचार की परीक्षा, ते काही कळेना. घसा कोरडा पडला, तरी संध्याकाळपर्यंत मी तांब्याला हात लावला नाही.