राजभाषा काका आणि धापूजींचा गट

राजभाषा काकांच्या हातात गरम कचोरी दिली, तरी ते ती लगेच खात नसत. आधी कचोरीवाल्याला विचारत, "भैया, घर में इसे क्या कहते हो?" कचोरीवाला बिचारा कचोरीच म्हणे. मग काका तिच्यातल्या सारणाकडे वळत, तिथून कढईकडे, झाऱ्याकडे. तोवर आमची मधली सुट्टी संपलेली असे आणि कचोरी थंड झालेली असे.

मी पुण्याहून बदलून जयपूरच्या विमा कार्यालयात आले, तेव्हा अख्ख्या मजल्यावर मराठी बोलणारे ते एकटेच होते. मूळचे अमरावतीचे. कार्यालयातला हिंदीचा सगळा कारभार त्यांच्याकडे, म्हणून बाकीचे त्यांना 'राजभाषा साहब' म्हणत. मी पहिल्याच दिवशी काका म्हणून मोकळी झाले. परिपत्रकांचं हिंदी करायचं, किती पत्रं हिंदीत गेली त्याचा तिमाही अहवाल वर पाठवायचा आणि सप्टेंबरात हिंदी पंधरवडा साजरा करायचा, एवढं त्यांचं काम. पण खिशात एक लहान वही असे आणि तिच्यात हिंदी सोडून बाकी सगळं असे. सफाईवाला झाडत आला की ते त्याला थांबवत. तो बुहारी म्हणाला, मी केरसुणी म्हणाले, ते स्वतः फडा म्हणाले. मला विचारताना त्यांची वऱ्हाडी सुटे, "तुह्या घरी याले काय म्हन्ते वं?" मला आधी हसू यायचं. नंतर मीच आईला फोन करून शब्द विचारू लागले.

ज्या माणसाचा पगार एका भाषेवर चालतो, त्याला बाकीच्या भाषांचं एवढं कौतुक कशाला, असं मी एकदा त्यांना चिडवलं होतं. ते गंभीर झाले. म्हणाले, "झेंडा एक पुरते बाप्पा. जीभ एक कशी पुरन?" आणि पुन्हा तिमाही अहवालात डोकं घातलं.

पंधरवड्याच्या स्पर्धांमध्ये दोन गट असत, हिंदीभाषी आणि हिंदीतर. मी मराठी, म्हणून हिंदीतर. त्या गटात आम्ही मोजून पाचजण, त्यामुळे निबंधात मला दुसरं बक्षीस मिळालं. त्याचा मी फार तोरा मिरवला नाही, थोडाच मिरवला. काकांना मात्र भलताच प्रश्न पडला होता. आमच्याकडे धापूजी होत्या. नवरा गेल्यावर त्याच्या जागी शिपाई म्हणून लागलेल्या, झोटवाड्याहून बसने येणाऱ्या. घरी त्या ढूंढाडी, म्हणजे जयपूरकडची बोली, बोलत. ती भरभर सुरू झाली की मला ओ की ठो कळत नसे. पण संविधानाच्या यादीत त्या बोलीचं नाव नाही आणि कागदोपत्री राजस्थान म्हणजे हिंदी. तेव्हा देवनागरी पाटीवर गिरवलेली मी हिंदीतर आणि धापूजी हिंदीभाषी. काका म्हणत, हा कुठला न्याय?

त्यांनी वर दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तिसऱ्या वर्षी भाषण स्पर्धेची यादी त्यांनी स्वतःच्या सहीने लावली आणि धापूजींचं नाव हिंदीतर गटात घातलं. कुणी जाब विचारला असता तर निवृत्तीला आलेल्या माणसाची पंचाईत झाली असती. पण त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद होता.

दुपारी धापूजी त्यांच्या टेबलाशी आल्या. चहा नव्हता आणला. पुढच्या महिन्यात त्यांची रेकॉर्ड क्लार्कच्या जागेसाठी मुलाखत होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्या अगदी हळू बोलल्या.

"साहब, बारह साल लगे मुझे यह हिंदी सीखने में. आपने एक कागज लगाकर सबको बता दिया कि यह मेरी नहीं है."

काका उठले, फलकावरचा कागद काढला, स्वतःच्या हाताने नवी यादी लिहिली. मग धापूजींसमोर हात जोडून म्हणाले की मी तुम्हाला विचारायला हवं होतं. त्या हिंदीभाषी गटात बोलल्या. बक्षीस मिळालं नाही, पण महिनाभराने जागा मिळाली. मला त्या दिवशी काकांचा रागही आला होता आणि त्यांची दयाही. स्वतःला जे धन वाटतं ते दुसऱ्याने कष्टाने झाकून ठेवलेलं असू शकतं, हे मलाही कुठे सुचलं होतं?

त्यानंतर काकांनी धापूजींना एकही शब्द विचारला नाही. हिवाळ्यात एकदा गॅलरीत उन्हाला बसलो असताना त्याच आपणहून बोलायला लागल्या. उन्हाला त्यांच्याकडे तावडो म्हणतात, लहानपणी आई त्यांना तावड्यात खेळू देत नसे. काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला. "लिखना मत, साहब," धापूजी म्हणाल्या. काकांनी हात काढून घेतला आणि नुसतं ऐकलं.

निवृत्त होऊन ते अमरावतीला गेले, त्याला आता चार वर्षं झाली. मी इथेच आहे, वैशाली नगरात. परवा मुलीच्या शाळेचा प्रवेश अर्ज भरत होते. मातृभाषा, आणि पुढे एकच रकाना. मुलगी माझ्याशी मराठी सुरू करते आणि तिसऱ्या शब्दाला 'मतलब' म्हणून हिंदीत शिरते. मी 'म' काढला आणि थांबले. काकांना फोन लावला. वाटलं होतं, ते ठणकावून मराठी म्हणतील आणि मी सुटेन.

"मले काहून इचारतं वं?" ते म्हणाले. "पोरीले इचारलं काय?"

फोन ठेवला. ती हिंदी म्हणेल, अशी मला भीती होती. तरी मी पेन बंद केलं आणि तिला हाक मारली.