अर्ध्या सायकलीचे मालक

माझ्या बायकोच्या मोठ्या मामांइतका हट्टी माणूस अख्ख्या डिलाईल रोडवर मिळायचा नाही, आणि मिळालाच, तर मामांशी घटकाभर बोलून तोच नरम पडेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. लग्न ठरलं तेव्हाच सासूबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "माझ्या भावाला कशाचंही कारण विचारू नका हो. तो सांगत बसेल." मी विचारलं. त्याची शिक्षा म्हणून दर रविवारी मी मामांच्या चाळीतल्या गॅलरीत, उलट्या करून ठेवलेल्या एका सायकलीसमोर, पाटावर बसलेला असायचो.

ही सायकल मामांच्या गिरणीतल्या दिवसांची. गिरणी गेली, तिच्या जागी काचेची इमारत उभी राहिली, तरी सायकल आपली कठड्याला टेकून गंजत होती. मागच्या वर्षी मामांना ती नवीकोरी करायची लहर आली आणि मामींच्या संसाराचे हाल सुरू झाले. चेन डिझेलमध्ये भिजत पडली ती आमटीच्या टोपात. चाकांच्या तारा घासल्या गेल्या त्या माझ्या बायकोच्या नव्या टूथब्रशने. ती बिचारी मामांकडे दोन दिवस राहायला गेली होती, तर तिसऱ्या दिवशी दात बोटाने घासून परत आली. मडगार्ड वाळत टांगलं ते दोरीवर, मामींच्या साडीला खेटून. मामी म्हणाल्या, "साडीला रंग लागला तर?" मामा म्हणाले, "लागू दे, भारीतला आहे." मामींनी त्या दिवसापासून एकच धोशा लावला, की एक दिवस ह्या माणसावरूनच पॉलिशपेपर फिरवते की नाही बघा!

आणि एवढा राडा करून मामांनी सायकल रंगवली किती? अर्धी! हँडल, पुढचं चाक, पुढचं मडगार्ड आणि दांडी, तीसुद्धा सुतळीने मोजून बरोबर मध्यापर्यंत, झकास मरून. तिथून मागे सगळा गंज. मला वाटलं, रंग संपला असेल. पुढच्या रविवारी मी मोठ्या ऐटीत नवा डबा घेऊन गेलो, तर मामा दुखावलेच. म्हणाले, "जावईबापू, मागची बाजू माझी नाही."

सायकल दोघांची होती. मामा आणि कोकणातल्या त्यांच्या शेजारच्या गावचा एक दोस्त, दोघांनी मिळून घेतलेली. मामा पहिल्या पाळीला, दोस्त दुसऱ्या. मामा पहाटे सायकलवर जायचे आणि दुपारी चालत यायचे. दोस्त दुपारी चालत जायचा आणि रात्री सायकलवर येऊन ती मामांच्या चाळीखाली लावायचा, चावी दाराच्या फटीतून आत सरकवून. दोघांची गाठ पडायची ती पाळी बदलताना, गिरणीच्या गेटवर, चावी हातात देण्यापुरती. "सगळ्या शिव्या तेवढ्यातच उरकायला लागायच्या," मामा सांगत. पुढे संप झाला, दोस्त मालवणकडे गावी निघून गेला, आणि जाताना म्हणाला, "माझो अर्धो भाग सांभाळ रे." झालं! कोकणातल्या माणसाला सामायिक म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. फणसाच्या एका फांदीवरून तिथे पिढ्यान् पिढ्या कोर्टात जातात, हिस्सेदाराच्या संमतीशिवाय पडवीचं कौल बदलत नाहीत. मामा परक्याच्या हिश्श्यावर ब्रश फिरवतील? सीट दोघांची, म्हणून तीही तशीच फाटकी.

तेव्हा दर रविवारी माझ्यादेखत गावी फोन लागायचा, स्पीकरवर. मामा विचारायचे, "निळो मारू?" तिकडून आरोळी यायची, "निळो नको रे मेल्या, पोलिसांच्या गाडीसारखो दिसतलो!" हिरवा म्हटला, की शेवाळ धरल्यासारखा. पिवळा म्हटला, की कावीळ झाल्यासारखा. तुझ्यासारखाच मरून मारू का, तर "तुझो रंग तुका लखलाभ!" मग अर्धा तास मनसोक्त भांडण. फोन ठेवला की मामांचा चेहरा असा फुललेला असायचा, की मामी न मागता चहा टाकायच्या. त्या एका नकारावर म्हाताऱ्याचा अख्खा आठवडा निघायचा.

आणि एका रविवारी मामांनी राखाडी सुचवला. तिकडून बारीकसा आवाज आला, "मार. तुका होयो तो मार."

"अरे, राखाडी म्हणतंय मी. राखाडी!"

"हां. बरो आसा."

मी मूर्ख! मी म्हणालो, "चला मामा, सुटलात एकदाचे!" मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ब्रश खाली ठेवला, डब्याचं झाकण दाबून बसवलं. मामी हात पुसत बाहेर आल्या. "तो हो म्हणाला," मामा त्यांना म्हणाले. मामींनी काही न विचारता माळ्यावरची बॅग काढली.

दादरहून मालवणच्या गाडीत मीच मामांना बसवून दिलं. खिडकीतून म्हणाले, "आजारी असला तरी तो सांगायचा नाही. पण भांडायची ताकद नाही राहिली त्याला, जावईबापू. मला कळतं ना." गाडी हलली.

दोन दिवसांनी फोन आला. आवाज मामांचाच, पण असा मी कधी ऐकला नव्हता. "त्याला म्हटलं, गुलाबी मारतो. झगझगीत गुलाबी, वर सोनेरी फुलं काढतो. तरी 'बरो' म्हणाला हो."

 

मामा अजून तिकडेच आहेत. रोज संध्याकाळी दोस्ताच्या खाटेशी बसतात आणि आदल्या दिवसापेक्षा वाईट असा एकेक रंग सुचवतात, असं मामी सांगतात. आम्ही रविवारी मामींकडे जातो, जेवतो, गॅलरीत जरा टेकतो. देवापुढे हात जोडून काही मागायची मला सवय नाही. पण हल्ली जोडतो, आणि एवढंच मागतो, की मी कधी न पाहिलेल्या त्या म्हाताऱ्याने एकदा, फक्त एकदा, आमच्या मामांना खणखणीत शिवी घालून 'नको' म्हणावं.