वळणावरची गंजी

इंग्रजी अमदानीत खंडाळ्याच्या घाटात माझी फटफटी घसरली आणि मी थेट भाताच्या पेंढ्यात जाऊन पडलो. गंजीशेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने माझी टोपी झटकून हातात दिली. तो मिशीतल्या मिशीत हसत होता.

“लागलं न्हाई ना? यंदाचं तुमी चवथं.”

“आबा, गंजी अंगणात रचायची सोडून रस्त्याकडेला कशी?”

“मागल्या साली हितं एक जवान फटफटीवाला दगडावर आपटला आन् जागीच गेला. तवापास्नं हितंच रचतो. गुरं येत्यात चालत.”

विस्कटलेला पेंढा आम्ही दोघांनी पुन्हा रचला. मी लावलेली प्रत्येक पेंढी तो काढून नीट लावी. मी निघालो तसा मागून म्हणाला, “दमानं जावा. फुडल्या वळणाला आपली गंजी न्हाई.”